मदत हवी आहे: अनुबियासच्या कडांवर आणि लाकडावर काळं केसाळ शेवाळ (इंदूर)

लोकमान्यनगरकर

माशांचा टँक दोन फुटांचा आहे, ६० × ३० × ३६ सेंमी. माती आणि लाकूड वजा जाता पाणी ५५ लिटरच्या आसपास. झाडं: अनुबियास नाना, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन वेंडटी, मागे व्हॅलिसनेरिया, लाकडावर जावा मॉस. १० निऑन टेट्रा आणि चेरी कोळंबी. २४ वॅटचा एलईडी सकाळी १० ते संध्याकाळी ७ चालू असतो. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साखर-यीस्टच्या बाटलीतून. आतला स्पंज फिल्टर ताशी ३०० लिटरचा. आठवड्याला १० लिटर पाणी बदलतो. नर्मदेचं पाणी एका दिवसाआड येतं, त्यामुळे कधी नळाचं घालतो, कधी बोरिंगचं.

किटचे आकडे: नायट्रेट ५, फॉस्फेट ०, केएच (कार्बोनेट कठीणपणा) १०, जीएच (एकूण कठीणपणा) १४. तापमान सध्या ३१ अंश.

अनुबियासच्या जुन्या पानांच्या कडा, लाकडाची वरची बाजू आणि फिल्टरचं तोंड, तिन्ही ठिकाणी काळपट केसांचे झुपके आहेत. नखाने खरवडूनही निघत नाहीत. काचेवर टणक हिरवे ठिपके आहेत ते वेगळेच. दुकानदार निळं शेवाळनाशक आणि "अल्गी ईटर" मासा घ्या म्हणतो. खत म्हणून १९:१९:१९ चिमूटभर घालावं का, हाही प्रश्न आहे. सुरुवात कुठून करू?

पाणवनस्पती

सगळ्यात आधी दोन गोष्टी थांबवा. निळ्या औषधात बहुतेक वेळा तांबं असतं. कोळंबीला ते अगदी थोडं असलं तरी मारक ठरतं. आणि १९:१९:१९ टँकमध्ये कधीच नको. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. तो माशांना घातक, आणि अमोनिया मिळाला की शेवाळ जोमाने उठतं.

आता ओळख. एक झुपका उपटून स्पिरिटमध्ये टाका. काही तासांत लालसर झाला तर ते ब्लॅक बिअर्ड, म्हणजे लाल शेवाळाच्या कुळातलं. दिसायला काळं असलं तरी. वर्णनावरून मला तेच वाटतंय.

हे शेवाळ येतं ते मुख्यतः सीओटू वरखाली होण्यामुळे, आणि तुमची यीस्टची बाटली नेमकं तेच करते. भरल्यावर पहिले काही दिवस जोरात बुडबुडे, मग उतरती कळा, आणि दोनेक आठवड्यांत थंड. त्यात उन्हाळ्यात खोली तापली की वेग वाढतो, थंडीत रात्री मंदावतो. झाडं एका प्रमाणाला सरावतात न सरावतात तोच ते बदलतं. त्यावर ९ तास प्रकाश. अनुबियास मुळात हळू वाढणारं, त्याची पानं महिनोन्महिने जुनी राहतात, म्हणून शेवाळ आधी तिथेच बसतं.

सीओटू ठेवायचाच असेल तर सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याचा दोन बाटल्यांचा सेट घ्या. एकीत २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि ३०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि १०० मिली पाणी. नीडल व्हॉल्व्ह (वायूचा वेग बारीक जुळवणारा) आणि चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) हवेतच. बाटल्या कोल्ड्रिंकच्याच घ्या. पिण्याच्या पाण्याच्या पातळ बाटल्या दाबाने फुटतात. सेकंदाला एका बुडबुड्यापासून सुरुवात करा, लाइट लागण्याच्या दीड-दोन तास आधी सीओटू सुरू करा आणि लाइटबरोबर बंद करा.

प्रमाण बघायला ड्रॉप चेकर (सीओटूप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रवाची छोटी कुपी) लावा, पण त्यात टँकचं पाणी भरू नका. त्यात ४ डिग्री केएचचं पाणीच लागतं: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.२ ग्रॅम सोडा विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन त्यात ९०० मिली डिस्टिल्ड पाणी घाला. वर ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण ३० मिग्रॅ सीओटू, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका. चेकर टँकच्या दीड-दोन तास मागे असतो, त्यामुळे रंग बघून लगेच व्हॉल्व्ह फिरवू नका.

क्षिप्राकाठ

वरच्या निदानाशी पूर्ण सहमत, उपायाशी नाही. ही यादी पुन्हा वाचा: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट, व्हॅलिसनेरिया, मॉस. यातल्या एकालाही सीओटू लागत नाही. व्हॅलिसनेरिया तर कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, आणि केएच १० म्हणजे तिची चंगळ. बाटली सरळ काढून टाका. लाइट ६ तासांवर आणा, टायमर लावा आणि पट्टी १५-२० सेंमी वर उचला. दोन-तीन आठवडे झाडं रुसलेली दिसतील, क्रिप्टची काही पानं वितळतील, तिथे घाबरून पुन्हा बाटली जोडायची नाही. अर्धवट सीओटूपेक्षा अजिबात नसलेला बरा.

काचेवरचे ठिपके ही वेगळी तक्रार आहे. ते ग्रीन स्पॉट, आणि तुमचं फॉस्फेट शून्य आहे यातच त्याचं कारण आहे. ब्लेडने खरवडा आणि फॉस्फेट १ ते १.५ वर न्या. शेवाळ फॉस्फेटमुळे येतं ही समजूत झाडं लावलेल्या टँकला लागू पडत नाही. उपाशी झाड पानातून साखर आणि अन्नद्रव्यं गाळतं आणि शेवाळ त्याच पानावर बसतं.

खतं-बियाण्यांच्या दुकानात १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) मिळतं. दोन्हींत अमोनिया नाही. ५०० मिली आरओच्या पाण्यात पहिलं २२ ग्रॅम, दुसरं २ ग्रॅम. ५५ लिटरला १० मिली, आठवड्यातून तीनदा. म्हणजे आठवड्याला नायट्रेट १५ आणि फॉस्फेट १.५ मिग्रॅ प्रतिलिटर होतं. सीओटू बंद केलात तर यातलं निम्मंच द्या. लोह आणि सूक्ष्म द्रव्यांची बाटली वेगळी, आणि वेगळ्या दिवशी, नाहीतर लोह-फॉस्फेट एकत्र बसून जातं.

पाणवनस्पती

मान्य. ही झाडं असतील तर सीओटूशिवायचा मार्ग सोपा आणि स्वस्त. लाल पानांची झाडं किंवा तळाशी झाडांचा गालिचा हवा असेल तरच माझा सेट करा.

पाण्याबद्दल राहिलं. १० लिटर कमी आहे, आठवड्याला २० लिटर बदला, आणि बदलताना क्रिप्टच्या बुडाशी साचलेला गाळ पाइपने ओढून घ्या. ब्लॅक बिअर्डला कुजकी घाण फार मानवते. नळ आणि बोरिंगची अदलाबदल बंद. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा, तेच वापरा. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट १० ग्रॅम १०० मिलीत विरघळवून ठेवा, १० लिटरला १ मिली पुरतं. स्पंज नळाखाली नको, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा.

लोकमान्यनगरकर

बाटली काढली, टायमर लावतो. आता आहे ते शेवाळ कसं मारू? मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलंय, त्यावर ६ टक्के लिहिलंय. वाचलेली सगळी प्रमाणं ३ टक्क्यांची आहेत.

क्षिप्राकाठ

आपल्याकडे मेडिकलवर ६ टक्केच मिळतं, त्यावर २० व्हॉल्यूम असंही लिहिलेलं असतं. तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळलं की ३ टक्के झालं. ५५ लिटरला ३ टक्क्यांचं एका दिवसात जास्तीत जास्त १५ मिली, त्यापुढे कोळंबीचा भरवसा नाही.

फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. सुई काढलेल्या सिरिंजने झुपक्याला अगदी टेकवून हळूहळू सोडा. १० मिनिटांनी फिल्टर चालू. एका वेळी एकच भाग, दुसरा भाग एक दिवस सोडून. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे पडतात आणि मेलेलं शेवाळ कोळंबी खाऊन टाकते. जावा मॉसवर थेंब पडू देऊ नका, तो पेरॉक्साइडने जळतो.

लाकूड बाहेर काढता येत असेल तर मॉस सोडवून, बाहेरच ३ टक्क्यांचं शिंपडा, ५ मिनिटं ठेवा, धुऊन परत लावा. अनुबियासची अर्ध्याहून अधिक काळी झालेली पानं देठापासून कापून टाका, ती सुधारत नाहीत. मात्र एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पानं नकोत.

माळवा_टेट्रा

माशाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. दुकानात "अल्गी ईटर" म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा चायनीज अल्गी ईटर, तोंडाला चूषक असलेला. मोठा झाला की शेवाळ सोडून माशांच्या अंगाला चिकटतो, आणि पाव मीटरपर्यंत वाढतो. ब्लॅक बिअर्ड खाणारा खरा सयामी अल्गी ईटर: त्याचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पर पारदर्शक असतात. तोही १५ सेंमी होतो आणि त्याला सोबत लागते, म्हणून दोन फुटांत तोही नकोच. आहे ती कोळंबी वाढू द्या.

आणि ३१ अंश निऑनना जास्तच आहे. इंदूरच्या मे महिन्यात टँक तापणारच, पण पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावला तर २-३ अंश उतरतात. त्याने पाणी भराभर उडतं. उडालेल्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, बोरिंगच्या नको. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. बोरिंगचं ओतत गेलात तर पावसाळा येईपर्यंत जीएच २० च्या पुढे जाईल.

लोकमान्यनगरकर

समजलं. एकच शंका: दुकानात "लिक्विड कार्बन" मिळतंय, पेरॉक्साइडऐवजी ते चालेल का?

पाणवनस्पती

तुमच्या टँकला नाही. त्यात ग्लुटाराल्डिहाइड असतं. ब्लॅक बिअर्ड त्याने मरतं, पण व्हॅलिसनेरियाही वितळते आणि मॉसही टिकेलच असं नाही. व्हॅलिसनेरिया नसलेल्या टँकमध्ये वापरणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, वाफ हुंगू नये, आणि बाटलीवरच्या मात्रेपुढे जाऊ नये. तुम्ही पेरॉक्साइडवरच राहा. पहिल्या फेरीत फिल्टरचं तोंड घ्या, तिथले झुपके प्रवाहाबरोबर सगळीकडे पसरतात.