पक्ष नव्हे, खुर्ची बघा

अमेरिकेत रिपब्लिकन सरकारी पाळतीच्या बाजूचे आणि डेमोक्रॅट विरोधातले, अशी वाटणी कुणी केली, तर ती संसदेतल्या मतनोंदीत टिकत नाही. जुलै २०१३ मध्ये, अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत उघड करणारं स्नोडेन प्रकरण ताजं असताना, सरसकट फोन-नोंदी गोळा करण्याला चाप लावणारी अमाश-कॉन्यर्स दुरुस्ती अमेरिकी प्रतिनिधिगृहात २०५ विरुद्ध २१७ अशी पडली. बाजूने ९४ रिपब्लिकन, १११ डेमोक्रॅट. विरोधात मात्र रिपब्लिकन सभापती बेनर आणि डेमोक्रॅट नेत्या पेलोसीबाई एकत्र! एरवी दोघांचं कशावर जमायचं?

एप्रिल २०२४ मध्ये परदेशातल्या परकीयांचे संदेश वॉरंटविना गोळा करू देणाऱ्या कलम ७०२ च्या साठ्यात अमेरिकी नागरिकांची माहिती शोधण्याआधी वॉरंट सक्तीचं करणारी दुरुस्ती २१२-२१२ अशी अडली. बरोबरी म्हणजे नामंजूर. सभापती जॉन्सन यांचं मतही विरोधातच. गुप्त माहिती ज्यांच्या टेबलावर येते, ते बहुधा यंत्रणेच्या बाजूने झुकतात.