31 मार्चला युनिटं गेली, हे बदलायला कोणाला लिहायचं?

देवळीवाली_ताई:
नमस्कार. आमचं गाव देवळी तालुक्यात. दिवाळीआधी घरावर 3 किलोवॅटचं सोलर लावलं, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची 78,000 सबसिडीही आली. मीटर बदलायला किती चकरा मारल्या ते सांगत नाही, ते रडगाणं वेगळं.

थंडीत आमच्या घरात वीज लागते किती? दोन बल्ब, टीव्ही अन् सकाळी टाकी भरायला मोटर. वर पॅनल मात्र दिवसभर कमवून राहिले, उरलेली वीज लाइनवर जाते अन् तिचे युनिट बिलात जमा होतात. मार्चच्या बिलावर 412 युनिट जमा दिसले. म्हटलं, एप्रिल-मेचे दोन्ही कूलर यातच निघतात. पुढचं बिल आलं तर जमा शून्य! कार्यालयात गेली तर म्हणे, "31 मार्चला वर्ष संपते ताई, उरलेल्याचे पैसे बिलात वळते झाले." वळते झाले, पण ज्या दरानं मला दिले त्याच्यापेक्षा मी घेते तो युनिट बराच महाग.

आमच्याकडं कूलर होळीनंतर निघतो अन् मृग लागला तरी कोपऱ्यात जात नाही. म्हणजे गरज सुरू होते त्याच दिवशी पाटी कोरी. हिशोबाचं वर्ष सप्टेंबरअखेर संपवा, एवढंच म्हणायचं आहे. कोर्टात जावं लागते का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

जुना_लाइनमन:
ताई, लिहून काय होते जी? आमच्या फिडरवर दुपारी लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टरही बंद. ऊन डोकं फोडते अन् पॅनल नुसते तापतात. खांबावर काम करणाऱ्याला करंट लागू नये म्हणून तसं ठेवलं आहे, मी स्वतः खांबावर चढलो म्हणून मला पटते. पण गेलेले युनिट कोण देणार?

हिंगणघाटचा_वकील:
लाइनमन भाऊ, तुमचं दुखणं पुरवठ्याचं. ताईंचं नियमाचं. दोन्ही एकाच अर्जात कोंबले की एकही निघत नाही.

ताई, तुमच्या मीटरसारखी तक्रार असेल तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि तिथं नाही जमलं तर नागपूरला विद्युत लोकपाल. 2024 च्या केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीत 10 किलोवॅटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक तपासणीची अट काढली आणि सिस्टीम सुरू करून द्यायला 15 दिवसांची मुदत ठेवली. तारखा असलेले कागद जपून ठेवा.

पण 31 मार्च ही कोणा साहेबाची मर्जी नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या 2019 च्या रूफटॉप विनियमांत, म्हणजे छतावरच्या सोलरच्या नियमांत, हिशोब आर्थिक वर्षाचाच धरला आहे. मंच तो बदलू शकत नाही. दरवाढीच्या सुनावणीत लोक हेच ओरडतात आणि हात हलवत घरी येतात, कारण तिथं दर ठरतो, विनियम नाही. विनियम बदलायचा तर दुरुस्तीची मागणी आयोगाच्या सचिवांच्या नावानं करा. मसुदा निघाला की आयोगाला तो आधी प्रसिद्ध करावाच लागतो, सूचना-हरकती तेव्हा द्यायच्या. त्याला वकील लागत नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 86 मध्ये सोलरसारख्या अपारंपरिक विजेला चालना देणं हे आयोगाचंच काम म्हटलं आहे, पहिल्या परिच्छेदात तेच लिहा.

आणि "अन्याय झाला" असं चार पानं लिहू नका. नोव्हेंबर ते जून, महिन्यागणिक तीन रकाने: बनवले, वापरले, जमा. तुमचा 412 वरून शून्यावर आलेला आकडा भाषणापेक्षा जास्त बोलतो. एकटीचं बिल मात्र पुरणार नाही, अजून घरं मिळवा.

देवळीवाली_ताई:
आमच्या गावात सात घरांवर सोलर आहे. बिलं गोळा करून राहिली. चार मिळाली, एकानं चुलीत घातलं म्हणे, दोघांचे मोबाइलवर आहेत पण उघडत नाहीत. लाइनमन भाऊ, तुमच्याकडं सोलर असंल तर तुमचंही पाठवा.

जुना_लाइनमन:
आहे ना, 2 किलोवॅट. मार्चचं शोधतो. पण लाइन जाण्याचा माझा अर्ज वेगळा, तो मीच लिहीन.