'ओके' आलं कुठून? सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

पेंडसे काका: (फॉरवर्ड) तुम्हाला माहीत आहे का? अमेरिकेतल्या यादवी युद्धात ज्या दिवशी एकही सैनिक मेला नाही, त्या दिवशी फळ्यावर 'झीरो किल्ड' लिहायचे. शून्याचा 'ओ' झाला आणि 'ओके' जन्माला आलं! दहा जणांना पाठवा.

साने काकू: छान माहिती 🙏

मुग्धा: काका, गोष्ट भारी आहे, पण तारखा जुळत नाहीत. ते युद्ध १८६१ ते १८६५. आणि 'ओके' छापून आलंय २३ मार्च १८३९ ला, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये.

पेंडसे काका: मग 'ऑल करेक्ट' म्हणतात तेच खरं का? पण त्याची आद्याक्षरं ए आणि सी. ओ आणि के कुठून आले?

मुग्धा: तीच तर गंमत! तेव्हा बॉस्टनच्या पत्रकारांत एक खूळ होतं. आधी स्पेलिंग मुद्दाम बिघडवायचं, मग त्या बिघडलेल्या शब्दांची आद्याक्षरं छापायची. 'ऑल राइट'चं ओ. डब्ल्यू., 'नो यूज'चं के. वाय., आणि ओ-ने 'ऑल', के-ने 'करेक्ट' लिहून ओ. के. त्या अंकात ही अक्षरं छोट्या लिपीत, टिंबं देऊन आहेत आणि लगेच पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासा. वाचकाला कळणार नाही ही शंका असावी. तो खुलासा नसता तर भाषेचे अभ्यासक आजही भांडत बसले असते.

रोहित: म्हणजे आपण एसएमएसमध्ये करायचो तेच 😂 पण मग बाकीची खुळं मेली, हेच कसं टिकलं?

मुग्धा: निवडणुकीमुळे. १८४० साली अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओके क्लब' काढला. विरोधक कशाला गप्प बसतात? त्यांनी कंडी पिकवली की आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नव्हतं, तेच 'ऑल करेक्ट' समजून कागदांवर ओ. के. लिहायचे. धादांत खोटं, पण शब्द घरोघरी गेला. व्हॅन ब्युरेन मात्र हरले.

साने काकू: माणूस पडला, शब्द निवडून आला!

रोहित: मी तर ऐकलं होतं की हा चोक्टॉ या मूळ अमेरिकन लोकांच्या भाषेतला शब्द आहे.

मुग्धा: हो, 'ओके' उच्चाराचा त्यांचा शब्द 'असंच आहे' अशा अर्थाचा. अध्यक्ष वुड्रो विल्सन त्यावर विश्वास ठेवून स्पेलिंगही तसंच करायचे. ग्रीक लोक 'ओला काला' म्हणजे 'सगळं छान' यावर हक्क सांगतात. ऐकायला सगळं पटतं. पण ॲलन वॉकर रीड या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून १९६३-६४ मध्ये बॉस्टनची वाट दाखवली. नुसत्या उच्चारसाम्यापेक्षा छापलेला कागद मला तरी जास्त विश्वासार्ह वाटतो.

सेक्रेटरी: माहिती उत्तम. पण नोटिशीखाली नुसतं 'ओके' लिहिता, त्याचा अर्थ वाचलं, पटलं की नाइलाज?

रोहित: तिन्ही 😄

मुग्धा: इंग्रजीतही तेच हो. 'हाऊ वॉज इट?' ला 'ओके' म्हणजे जेमतेम, साहेबांनी 'ओके' केलं म्हणजे मंजुरी. आणि नुसतं 'के' आलं तर समजायचं, समोरचा फुगलाय.

साने काकू: मग 'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण, हेही थापच का गं?

मुग्धा: थापच, काकू. 'न्यू'ला एस लावून नव्या गोष्टी, म्हणजे बातम्या. आद्याक्षरांतून शब्द तयार होणं विसाव्या शतकाच्या आधी फार विरळा. 'ओके' हा त्यातला अपवाद, म्हणून तर इतका गोंधळ.

पेंडसे काका: बरं. मग 'टिप' म्हणजे 'टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस' हे कालच मी तीन ग्रुपवर पाठवलंय, त्याचं काय करू?