पाटणच्या शाळेची संगणक कोठी: काय ठेवायचं, कुठे ठेवायचं

प्रेषक: उपक्रम समिती

नमस्कार मंडळी,

आपण अमेरिकेतून ज्या शाळेला जुने संगणक देणगी म्हणून पाठवतो, त्या पाटण तालुक्यातल्या शाळेच्या सरांनी कोठीखोलीचे फोटो पाठवलेत. दहा बाय बाराची खोली, दोन लोखंडी रॅक, बाकी सगळं जमिनीवर. फोटोंवरून मोजदाद केली ती अशी: ११ डेस्कटॉप, १४ लॅपटॉप, चार्जरचं एक पोतं, केबलींची तीन खोकी, रॅम आणि हार्डडिस्क एकत्र कोंबलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, ६ यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर मशीन चालवणारे), आणि ‘इतर’ असं लिहिलेली पाच खोकी. होय, पाच.

वस्तू शाळेत आहे हे ठाऊक असतं, पण ती वेळेवर सापडत नाही, मग कराडहून नवी येते, अशी सरांची तक्रार आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आणि चार माणसं मिळतील. प्लास्टिकच्या डब्यांसाठी पैसे बाजूला काढलेत. कसं लावायचं ते जाणत्यांनी सांगावं.

प्रेषक: हार्डवेअर गट

डबे आत्ता घेऊ नका. आधी घेतले की जेवढे डबे तेवढे प्रकार पडतात आणि उरलेलं सहाव्या ‘इतर’मध्ये जातं. पहिले दोन दिवस जमिनीवर ताडपत्री पुरे. डबे तिसऱ्या दिवशी, ढीग डोळ्यांनी बघून.

पहिला दिवस फक्त तपासणीचा. प्रत्येक वस्तूवर रंगीत टिकली: हिरवी म्हणजे आज लावून पाहिली, चालली; पिवळी म्हणजे तपासायची; लाल म्हणजे मेली. टिकलीवर तारीख हवीच. दोन वर्षांपूर्वीची हिरवी आणि आजची पिवळी यांत फरक काहीच नसतो.

आपण पाठवलेल्या डेस्कटॉपना हात लावण्याआधी मागची बाजू बघा. जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, लाल रंगाचं छोटं बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. अमेरिकेतून आलेलं मशीन ११५ वरच असणार. तसंच आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातलं की आतलं सर्किट तो दाब दुप्पट करून घेतं आणि प्रत्येकी २०० व्होल्टच्या दोन कपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या भागांवर) मिळून साडेसहाशेच्या आसपास व्होल्ट येतात. फटाक्यासारखा आवाज, जळका वास, फ्यूज गेला. ‘आलेलं मशीन पहिल्याच दिवशी गेलं’ म्हणून कोपऱ्यात पडलेल्यांपैकी काहींचा फक्त एसएमपीएस गेलेला असू शकतो, बाकी मशीन धडधाकट. बटण २३० वर सरकवा आणि वरून चिकटपट्टी लावून टाका. बटणच नसेल आणि लेबलवर १००-२४० असेल तर काळजी नाही.

लॅपटॉपचे चार्जर बहुतेक सगळे १००-२४० असतात. तिथे फक्त पिन बदलायची. त्यासाठी चपटी-गोल जोडणी करून देणारे स्वस्त प्लग वापरू नका, त्यात अर्थिंग तुटतं आणि पत्र्याच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. चार्जरच्या ठोकळ्याला येणारी वायर सुटी होते. तीच तीन पिनांची भारतीय वायर आणावी. टोक तीन पाकळ्यांचं असेल तर लॅपटॉपची, मोठं चौकोनी असेल तर डेस्कटॉप-मॉनिटरची. दोन्ही कुठल्याही दुकानात मिळतात.

रॅमच्या डब्यात हात घालताना: डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पट्टीला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. लॅपटॉपची पट्टी आखूड, तिला अनुक्रमे २०४ आणि २६०. पिना मोजत बसायला नको, लेबलवर डीडीआर३ साठी पीसी३ किंवा डीडीआर४ साठी पीसी४ लिहिलेलं असतं. खाच जुळत नसेल तर जोर लावायचा नाही, खाच त्याचसाठी वेगळ्या जागी ठेवलेली असते. पीसी३ च्या पुढे ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टची, नुसती पीसी३ दीड व्होल्टची. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना ‘एल’च लागते, दुसरी घातली की स्क्रीन काळीच राहते आणि लोक मदरबोर्ड गेला म्हणतात. आकड्यांच्या शेवटी ‘आर’ असलेल्या पट्ट्या सर्व्हरच्या. कुणीतरी ऑफिसातून उचलून दिलेल्या. शाळेच्या एकाही मशीनला त्या चालणार नाहीत, सरळ लाल.

वर्गवारी मी अशी सुचवतो: रॅम, डिस्क, चार्जर, केबल, बोर्ड, बॅटरी. प्रत्येकाचा एक खण.

प्रेषक: ग्रंथालयवाली

दादा, तपासणीबद्दल वाद नाही. वर्गवारीबद्दल आहे.

तुम्ही वस्तू ओळखणाऱ्याच्या सोयीने खण केलेत. कोठीत शिरणारी व्यक्ती ‘मला डिस्प्लेपोर्टची केबल हवी’ असं म्हणत येत नाही. ‘सातवीच्या वर्गात प्रोजेक्टर लागत नाही’ असं म्हणत येते. तिला केबलींच्या खणापुढे उभं केलं की ती चाळीस काळ्या वायरी उपसते, एक घेऊन जाते आणि परत ठेवताना खाली टाकते. ‘इतर’ची पाच खोकी अशीच झालीत.

डब्यांवर अडचणींची नावं लिहा. ‘स्क्रीनवर काही दिसत नाही’, ‘लॅपटॉप चार्ज होत नाही’, ‘नेट येत नाही’, ‘मशीन फार हळू चालतं’, ‘घड्याळ मागे जातं’, ‘कळा-माउस चालत नाहीत’. सहा-सात डब्यांत नव्वद टक्के काम भागेल, माझा अंदाज. बोर्ड, एसएमपीएस, कूलिंग फॅन असलं दुरुस्तीचं सामान वेगळ्या रॅकवर, तिथे दादांची वर्गवारी योग्य, कारण तिथे येणारा माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.

एक वस्तू दोन डब्यांत शोभत असेल तर ती एकाच ठिकाणी ठेवायची आणि दुसऱ्या डब्यात झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटवायची: ‘यूएसबी वायफाय: नेटच्या डब्यात पहा’. अर्धी-अर्धी वाटून ठेवली की दोन्हीकडे अपुरी पडते.

‘इतर’ ठेवाच, नाही ठेवलं तरी लोक बनवतात. पण एकच, आणि बुटांच्या खोक्याएवढं. ते भरलं की त्या दिवशी रिकामं करायचं. मोठं खोकं आणलं की पुढच्या दिवाळीला हीच मेल पुन्हा.

प्रेषक: हार्डवेअर गट

ताई, हरलो. ‘घड्याळ मागे जातं’ हा डबा तर मला सुचलाच नसता. त्यात काय ठेवायचं ते सांगतो: सीआर२०३२ ची बटणासारखी सेल, ३ व्होल्टची, दहा-बारा नग. ही सेल संपली की मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइटी उघडत नाहीत, कारण ब्राउझरला त्यांचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं. शिक्षक मात्र नेट बिघडलं समजून राउटर बदलत बसतात. तेव्हा नेटच्या डब्यात ठळक चिठ्ठी: ‘आधी तारीख बघा’.

स्क्रीनच्या डब्याबद्दल एक. मॉनिटर-प्रोजेक्टरला लावायच्या जुन्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते. ‘पिन तुटली’ म्हणून चांगल्या केबली टाकू नका. वाकलेली पिन निमुळत्या चिमट्याने सरळ होते. प्रत्येक प्रकारच्या पाच केबली ठेवा, टोकाला लांबी लिहिलेली कागदाची पट्टी, बाकी द्या.

चार्जरच्या पोत्याला मात्र पूर्ण एक दिवस जाईल. ठोकळ्यावरच्या आउटपुटच्या ओळीत चार गोष्टी बघायच्या. व्होल्ट जुळले पाहिजेत, १९ आणि १९.५ एकमेकांना चालतात, १२ आणि १९ नाही. अँपिअर लॅपटॉपला लागतात तितके किंवा जास्त, कमी असले तर चार्जर तापतो आणि बसतो. प्लस आतल्या बाजूला आहे का ते चिन्ह. आणि टोकाचा व्यास. डेलच्या टोकात मध्ये एक बारीक सुई असते, तीवरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि वेगही उतरतो. म्हणजे ‘चार्ज होत नाही’ आणि ‘फार हळू’ या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. चार्जर ज्या लॅपटॉपचा त्याच्याशी सुतळीने बांधा आणि दोघांना एकच क्रमांक द्या. सुटे उरतील ते व्होल्टप्रमाणे पिशव्यांत.

‘मशीन फार हळू’ या डब्यात रॅम आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क). पण त्या आधी एक निर्णय घ्या. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर मुलांना पुरते. २ जीबीच्या मशीनवर रॅम शोधत दिवस घालवू नका.

प्रेषक: शाळेतून, सर

सर्वांना नमस्कार. वाचून हुरूप आला. इथल्या तीन गोष्टी तुमच्या यादीत बसवा.

पहिली, पाऊस. कोयनेच्या या पट्ट्यात पावसाळाभर भिंतीला हात लावला की ओला होतो. खोलीला खिडकी एक, तीही ओढ्याकडे. मागच्या वर्षी कागदी खोकी खालून मऊ झाली होती आणि मास्किंग टेपवरची नावं गळून पडली.

दुसरी, जमीन. ११ डिसेंबर १९६७ नंतर इथे धक्के कायमचे आहेत, बारीक असले तरी. रॅक भिंतीला नुसते टेकवलेत. वरच्या खणात जुने जाड मॉनिटर आहेत.

तिसरी, सर्वांत अवघड: लाल टिकलीची वस्तू भंगारात देता येत नाही. देणगीची असली तरी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढलेली असते. व्यवस्थापन समितीचा ठराव, वरची मंजुरी, मग निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून ती वस्तू कमी करणं. मशीन खोलून त्यातली रॅम दुसऱ्यात घातली तर तपासणीच्या वेळी ‘हे अपुरं का’ असं विचारतात. म्हणूनच आजवर काही हललं नाही.

प्रेषक: हार्डवेअर गट

सर, रॅकचं आज करा, दिवाळीची वाट नको. वरचे मॉनिटर खाली. रॅकच्या वरच्या कोपऱ्यांत लोखंडी पट्टीचे एल क्लँप, भिंतीत अँकर बोल्ट. वीट भुसभुशीत असेल तर बोल्ट सुटतो, तिथे कॉलम किंवा बीम बघून ठोका. जड ते खाली, पण सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर वर. पुढे आडवी पट्टी किंवा दोरी, म्हणजे धक्क्याने डबे सरकणार नाहीत.

ओलीसाठी रबरी गॅस्केटचे झाकणबंद डबे, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की ते वाळवायचं. पावसात उन्हाचा उपयोग नाही, ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास. जेवणाच्या भांड्यांत ते करू नका. डबा रोज उघडला तर जेल आठवड्यात संपतं, तेव्हा रोजच्या केबली साध्या क्रेटमध्ये आणि रॅम, डिस्क, बोर्ड फक्त हवाबंद. बोर्डाला गुलाबी किंवा चंदेरी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून वाचवणारी) पिशवी. थर्माकोल नको, स्थिर वीज साठते. अॅल्युमिनियमचा कागद तर अजिबात नको, बोर्डावरची सेल त्याने शॉर्ट होते. नावासाठी कागदाची चिठ्ठी आणि वरून रुंद पारदर्शक पॅकिंग टेप.

बॅटऱ्या कोठीत नकोत. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरते, आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि मग ती चार्ज घेत नाही. दर तीन महिन्यांनी रात्रभर लावून ठेवा, रजिस्टरमध्ये तारीख. लॅपटॉपच्या सुट्या बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवायच्या. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या बादलीत, इमारतीबाहेर, छपराखाली.

प्रेषक: ग्रंथालयवाली

सर, रजिस्टरचा तिढा असा सोडवता येईल. लाल वस्तूंचा एकच कोपरा, त्यावर पाटी ‘निर्लेखनासाठी’. प्रत्येकावर डेडस्टॉकचा क्रमांक. भाग काढण्याआधी वहीत एक ओळ: ‘क्रमांक अमुकमधून ४ जीबी रॅम काढली, क्रमांक तमुकमध्ये बसवली, तारीख, सही’. ही वही ठरावाबरोबर जोडा. भाग हरवलेला नसून दुसरीकडे लागला हे कागदावर दिसलं की ‘अपुरं का’ला उत्तर तयार असतं.

हार्डडिस्क निर्लेखनात जाण्याआधी पुसा. त्यात देणाऱ्यांचे कर भरल्याचे कागदही असतील. फिरत्या डिस्कवर पूर्ण एक फेरी शून्यं लिहिली की पुरे. एसएसडीला तसं चालत नाही, काही जागा लिहिण्यापलीकडे राहते, तिला बनवणाऱ्या कंपनीचाच ‘सिक्युअर इरेज’ (सगळं कायमचं पुसण्याची सोय) वापरा. चालतच नसेल तर ड्रिलने चार भोकं, चष्मा लावून. मंजुरीनंतर माल नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. गावातला भंगारवाला वायर जाळून तांबं काढतो.

प्रेषक: उपक्रम समिती

मग ठरलं असं धरते. अडचणींच्या नावांचे सहा डबे, दुरुस्तीचा रॅक वेगळा, लाल कोपरा, एक छोटं ‘इतर’.

या हिवाळ्यात गावी जाणाऱ्यांना विनंती: सुटे भाग नेऊ नका. यादीत मागितलेलंच न्या. प्रौढ प्रवाशामागे एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय जातो, त्याच्याबरोबर त्याचाच चार्जर असू द्या. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून.

सर, क्लँप आणि अँकर बोल्ट कराडातून घ्या, बिल शाळेच्या नावाने. डब्यांचं माप तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळवा, पैसे त्याच रात्री पाठवते.