मुलींची शाळा आणि घरातला एकच फोन

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. मुलींच्या शाळेत प्रश्न नुसत्या नेटचा नव्हता, फोन कुणाच्या हातात असतो याचाही होता. म्हणून शाळेतल्या शिक्षिकांना सांगितलं: काय जमलं, काय फसलं ते तपशिलात लिहा. कौतुकसोहळा नको. त्यांनी लिहिलं ते असं.

वर्गशिक्षिका, आठवी
व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टाळा. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि फोन वडिलांचा किंवा भावाचा असला तर तो पाहणारेही तेच. ब्रॉडकास्ट लिस्ट केली की निरोप प्रत्येकीला वेगळा जातो; एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. घोळ होतो तो इथे: ज्या फोनमध्ये शिक्षिकेचा नंबर सेव्ह नाही, तिथे निरोप पोचतच नाही. म्हणून आधी घरोघरी फोन करून नंबर सेव्ह करून घ्या, मग चाचणीचा निरोप पाठवा, आणि ज्यांचं 'मिळाला' येणार नाही त्यांना पुन्हा फोन. यात आळस केला की एखादी मुलगी उगाच महिनाभर गैरहजर दिसते.

गणित
सकाळी दहाला फोन घराबाहेर गेलेला असेल, तर दहाचा तास कुणासाठी? पाठ रेकॉर्ड करून ठेवावा, रात्री फोन हाती येईल तेव्हा मुलगी पाहील. व्हॉट्सअ‍ॅपवर तेव्हा व्हिडिओची मर्यादा १६ एमबी होती. सेकंदाला ४०० किलोबिट धरले तर पाच मिनिटांचे साधारण १५ एमबी होतात, म्हणून एका व्हिडिओत एकच उदाहरण. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पानाचा फोटो आणि सोबत आवाज: ३२ किलोबिटला पाच मिनिटं जेमतेम सव्वा एमबी.

चित्रण करताना पुस्तकांच्या दोन सारख्या चळती, त्यांवर पट्टी आडवी, पट्टीवर फोन, स्क्रीन वर आणि मागचा कॅमेरा पट्टीबाहेर खाली, खाली वही. उजव्या हाताने लिहिणारीने खिडकी डावीकडे घ्यावी, नाहीतर हाताची सावली नेमकी आकड्यांवर पडते. फोकस लॉक करा, नाहीतर हात हलला की पान धूसर होतं. पंखा बंद. (उकडतं, पण माइकला पंख्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.)

संगणक विभाग
झूमवर वेटिंग रूम (शिक्षिका आत घेईपर्यंत थांबायची जागा) हवीच. ५ एप्रिल २०२० पासून ती आपोआप चालू असायची, तरी घाईत कुणीतरी बंद करतंच. फोन वडिलांचा म्हणून नावही त्यांचंच दिसतं, आणि आत कुणाला घ्यायचं ते कळत नाही. आत येण्याआधी नाव बदलून हजेरी क्रमांक लिहायला लावा. कॅमेऱ्याची सक्ती नको: मागे सगळं घर दिसतं, आणि कुणी स्क्रीनशॉट काढला तर थांबवता येत नाही. हजेरी चॅटमधल्या उत्तरावर घ्या.

विज्ञान
घरगुती प्रयोग म्हटलं की सगळे स्वयंपाकघराकडे वळतात. मुलींच्या बाबतीत मला ते पटत नाही. अभ्यासाला बसलेली मुलगी तिथे गेली की तिच्या हाती भांडी येतात. लंबक द्या: दोरा आणि खडा. लांबी २५ सेंमी असेल तर एका आंदोलनाला (जाऊन परत यायला) जवळजवळ १ सेकंद, १ मीटरला २ सेकंद. दहा आंदोलनं मोजून दहाने भागायचं. उत्तर चुकलं तर दोन जागा तपासा. लांबी गाठीपर्यंत मोजलेली असते, ती खड्याच्या मध्यापर्यंत हवी. आणि खडा सोडताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलेलं असतं, त्यामुळे आंदोलनं नऊच भरतात.

समुपदेशन
फोन स्पीकरवर आहे असं धरूनच बोला. प्रश्न 'हो' किंवा 'नाही'त उत्तर देता येईल असे: "आत्ता बोलता येतंय का?" "उद्या याच वेळी करू?" गंभीर काही वाटलं तर लेखी विचारू नका, तो मेसेज नंतर फोन हाती घेणारा वाचतो. मुलीशी आधी ठरवलेलं एखादं साधं खुणेचं वाक्य, 'बीजगणिताचं पान सापडत नाही' असं, आलं की त्याच दिवशी वर्गशिक्षिकेने अभ्यासाच्या निमित्ताने घरी फोन करायचा.