‘ओइकोनोमिया’ला मराठीत काय म्हणावे : तडजोड, आपद्धर्म की मुभा?

प्रश्न : बायझंटाइन (पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातले) चर्च आणि सम्राट यांच्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘ओइकोनोमिया’ हा ग्रीक शब्द पानोपानी येतो. मूळ अर्थ घरकारभार, पण पॅट्रिआर्क (तिथल्या चर्चचा प्रमुख) सम्राटासाठी चर्चचा नियम सैल करतो तिथेही हाच शब्द आहे. मी ‘तडजोड’ लिहीत आले आहे. ‘आपद्धर्म’ जास्त बरा होईल का? याच्या विरुद्ध ‘अक्रिबेया’ येतो, त्याला ‘काटेकोरपणा’ ठेवला आहे.

उत्तर : काटेकोरपणा उत्तम बसला आहे, ताई. तडजोड मात्र बदला. तडजोडीत दोन्ही बाजू थोड्याथोड्या मागे सरतात आणि नवाच काहीतरी करार होतो. ओइकोनोमियात नियम जागचा हलत नाही, फक्त एका माणसापुरता, एका प्रसंगापुरता त्याचा फास ढिला करतात. उद्या दुसऱ्याने तोच दाखला पुढे केला तर तो चालत नाही, निदान चालू नये अशी अपेक्षा असते.

तुमच्या लेखात सम्राट लिओ सहावा असणारच. त्याच्या चौथ्या लग्नाचे प्रकरण नीट पाहिले की शब्द आपोआप सापडतो. पहिल्या दोन राण्या वारल्या. तिसरी, युडोकिया, 901 मध्ये बाळंतपणात गेली. तिसऱ्या लग्नाला दंड सांगणारा कायदा खुद्द लिओनेच काढलेला, आणि गादीला वारस तर नाही. 905 मध्ये झोई कार्बोनोप्सिना हिला लग्नाआधीच मुलगा झाला, तोच पुढचा सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा. पॅट्रिआर्क निकोलस मिस्टिकोस याने जानेवारी 906 मध्ये हागिया सोफिया या राजधानीतल्या मुख्य चर्चमध्ये बाळाला बाप्तिस्मा दिला तो झोईने राजवाडा सोडावा या अटीवर. तीन दिवसांत झोई राणीच्या मानाने राजवाड्यात परत आली आणि थॉमस नावाच्या पाद्र्याने लग्न लावून दिले. निकोलसने त्या वर्षीच्या नाताळला सम्राटाला हागिया सोफियाच्या दारातून परत पाठवले, पुढे जानेवारीतल्या एपिफनीच्या सणालाही तेच. फेब्रुवारी 907 मध्ये निकोलसचे पद गेले. रोमच्या पोपकडून लिओने संमती मिळवलीच होती, कारण विधुराने किती लग्ने करावीत याला पश्चिमेच्या चर्चमध्ये मर्यादा नव्हती.

नवा पॅट्रिआर्क यूथिमिओस हा कडक व्रताचा साधू. त्याने लिओला ओइकोनोमिया दिला. कसा दिला ते बघा. लग्न लावणाऱ्या थॉमसला पाद्रीपदावरून काढले. सम्राटाला चर्चमध्ये घेतले ते प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या जागी. झोईचे नाव चर्चच्या प्रार्थनेत घ्यायला साफ नकार दिला. म्हणजे लग्न चूकच होते, हे मुभा देणाऱ्यानेच ठणकावून सांगितले. मला हा माणूस निकोलसपेक्षा मोठा वाटतो. 912 मध्ये लिओ गेल्यावर निकोलस परत आला तेव्हा या म्हाताऱ्याला मारहाण करून त्याची दाढी उपटली.

आता ‘आपद्धर्म’. शब्द भारदस्त आहे आणि अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर नेतो. पण शांतिपर्वातला विश्वामित्र दुष्काळात चांडाळाच्या घरचे कुत्र्याचे मांस खातो तेव्हा निर्णय त्याचा स्वतःचा असतो, तो कुणाची परवानगी मागत नाही. ओइकोनोमिया स्वतःचा स्वतःला घेता येत नाही, तो देणारा लागतो. लिओ रोमपर्यंत धावला, पॅट्रिआर्क बदलला, तो याचसाठी. सैन्य, खजिना, पदे वाटण्याचा अधिकार सगळे त्याच्याकडे होते, हे एक नव्हते. आपद्धर्म म्हटले की नेमका देणाराच गळतो, आणि तुमच्या लेखाचे सगळे राजकारण त्या देणाऱ्याभोवतीच आहे.

मूळ शब्दातही हे आहे. ‘ओइकोनोमोस’ला मराठी बायबलात ‘कारभारी’ म्हटले आहे. बिशप हा देवाच्या घरचा कारभारी. मालकाचा कायदा कारभाऱ्याला बदलता येत नाही, पण कुणाला किती सवड द्यायची हे तो ठरवतो. म्हणून माझे मत ‘मुभा’. मुभा मागतात, मुभा देतात, मुभा नाकारतात. तिन्ही क्रियापदे तुम्हाला लागतील.

प्रश्न : पटले. पण ‘मुभा’ फार हलका, कचेरीतला वाटतो. शिवाय विरोधक हाच शब्द चिडून वापरतात, तिथे काय करू?

उत्तर : पहिल्यांदा येईल तिथे ‘ओइकोनोमिया, म्हणजे नियम कायम ठेवून दिलेली धर्माची मुभा’ असे एकदा लिहा, पुढे नुसते मुभा पुरेल. देवाने मनुष्यजन्म घेऊन केलेल्या तारणाच्या योजनेलाही ग्रीक धर्मशास्त्रात हाच शब्द आहे. लेखात तो अर्थ आला तर तिथे ‘योजना’च लिहा, मुभा नको.

विरोधकांचे म्हणाल तर थिओडोर स्टुडाइट हा मठाधिपती आठवा. 795 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन सहाव्याने राणी मारियाला मठात पाठवून थिओडोतेशी लग्न केले. पॅट्रिआर्क टॅरासिओसने स्वतः लग्न लावले नाही, पण सम्राटाला बहिष्कृतही केले नाही. लग्न लावणारा जोसेफ नावाचा मठाधिपती पुढे पदावरून गेला, 806 मध्ये पुन्हा आला, आणि 809 च्या धर्मसभेने उलट थिओडोरलाच हद्दपार केले. थिओडोते ही थिओडोरची नातलग होती, तरी तो बधला नाही. ओइकोनोमिया ही गोष्टच त्याला अमान्य होती असे मात्र लिहू नका. मुभेला हद्द असते, व्यभिचाराला मुभा म्हणणे हे पाखंड, असे त्याचे म्हणणे. त्याच्या तोंडी सरळ ‘याला मुभा म्हणता?’ असे घाला. टॅरासिओसच्या वागण्याला तुमच्या स्वतःच्या निवेदनात ‘डोळेझाक’ चालेल, विरोधकांच्या वाक्यात ‘पळवाट’.

एक जागा जपा. लिओच्या लग्नाचा वाद मिटवणाऱ्या 920 च्या ‘ऐक्याच्या पत्रका’त चौथे लग्न सरळ बंद केले आहे. तिसऱ्याला मात्र वयाप्रमाणे अटी आहेत : चाळिशी ओलांडलेल्या निपुत्रिकाला लग्न करता येते, पण पाच वर्षे प्रभुभोजन नाही. तिथे मुभेबरोबर ‘प्रायश्चित्त’ हा शब्द ठेवाच, ‘शिक्षा’ नको.