हमी मात्र अजून सारखी नाही

अनेकदा म्हटलं जातं की युरोपीय संघात ग्राहक कायदा आता सगळीकडे सारखाच आहे. ते अर्धंच खरं. ऑनलाइन घेतलेली वस्तू 14 दिवसांत कारण न देता परत करता येते, हे संघाच्या 2011 च्या निर्देशाने (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायच्या नियमांनी) सगळीकडे एकसारखं केलं. आधी किमान सात कामाचे दिवस, पुढचं ज्या त्या देशावर. जर्मनीत राहून मी फ्रान्समधल्या दुकानाची किटली बाराव्या दिवशी परत पाठवली (झाकण हाताला पटेना), पैसे विनातक्रार आले.

सदोष मालाच्या हमीचं तसं नाही. किमान दोन वर्षं. स्वीडन, स्पेनमध्ये तीन. त्याच निर्देशाच्या 2008 च्या मसुद्यात हेही सगळीकडे दोन वर्षांच्या एकाच मापात बसवायचं घाटत होतं. बारगळलं, ते बरंच झालं. नाहीतर स्वीडनच्या ग्राहकाचं हक्काचं तिसरं वर्ष गेलं असतं.